तिसरा पदर

दांडिया बाजारातल्या त्या खोलीबाहेर पाटी आहे:
इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही.
आम्ही आलोय स्नायू बघायला.
तरी वहीत सही करावीच लागते,
यंत्राला कुठे ठाऊक, कोण कशासाठी आलंय.

मजमुदार डॉक्टरांनी दोन पेशंटांच्या मधली
बारा मिनिटं काढून दिलीयेत.
प्रोब त्यांच्या हातात,
मला फक्त बोलायची मुभा.

हेमांगिनी शिर्के, वय त्रेचाळीस.
नवापुऱ्यात चणियाचोळीला आरसे लावते,
नवरात्र तोंडावर आलं की चौदा चौदा तास, वाकून.
जेल गार लागतं तशी ती दचकते,
मग पडद्याकडे मान वळवते.
करडे पट्टे. वरचा बरा, मधला जाडजूड,
आणि खाली, भिजल्या सुतासारखा, एक बारीक.

"तीन पदर आहेत. आपल्याला तिसरा हवाय.
बेंबी हलकेच आत घ्या, श्वास कोंडू नका.
नाडी ओढता ना घागऱ्याची,
गाठ बसण्याआधी जेवढी, तेवढीच."

ती ओढते.
वरचे दोघे धावून येतात, घरात पाहुणा आल्यासारखे.
तिसरा ढिम्म.

हेच पोट. दोन महिने माझ्या बोटांखाली,
आणि मी दर मंगळवारी म्हणत आले: छान, जमलं.

इनामदार बाई शिकवायच्या, आधी डोळे मिटा, मग हात ठेवा.
मी वीस वर्षं मिटले.
कितीजणांना छान म्हणाले असेन
भलताच पदर दाबून.

जिगिशा नव्या दमाची, पेन काढून तयार:
"बेन, मिलिमीटर लिहून घेऊ?"
घे. बोटांना मिलिमीटर येत नाहीत.
पण मी पडदा बघून शिकलेलेही पाहिलेत,
इथे दहापैकी नऊ वेळा बरोबर
आणि जिना उतरेपर्यंत विसरलेले.
पाटावर बसून सुईत दोरा ओवताना
समोर कोण धरणार आहे पडदा?

पाचव्या खेपेला सूत जरासं फुगतं.
मग पुन्हा.
आता परीक्षा. मी डॉक्टरांना खूण करते,
पडदा फिरवा, तिला न बघता करू दे.

"फिरवू नका."
आवाज इतका बारीक की डॉक्टरांचा हात थांबतो.
"मागच्या वेळी असाच फिरवला होता.
मी विचारत होते, हालतंय का, हालतंय का.
कुणी बोललंच नाही."

किती वर्षं झाली, मी विचारलं नाही.
कागदावर होतं ते: प्रसूती एक, आणि पुढे एक छोटा आकडा,
मी टिक करून पुढे गेलेले.

पडदा तिच्याकडेच राहिला.
"हालतंय का?"
"हालतंय," मी म्हणाले.
"हे माझंच ना?"
"तुमचंच."
डॉक्टरांनी घड्याळ बघितलं नाही,
बाहेर दोनदा दार वाजलं तरी.

टिश्यूचे तीन तुकडे लागले जेल पुसायला.
जिगिशाने आकडे लिहिले, खाली तारीख.

जिन्यात, मधल्या वळणावर, ती थांबली,
पिशवी एका हातात, दुसरा पोटावर,
खाली स्कूटरींचा गोंगाट.
"आत्ता. आत्ता हाललं, बेन."

माझी बोटं आपसूक पुढे झाली तपासायला.
मी ती मागे घेतली.