पोटखराब

सातबाऱ्यावर आमच्या तळ्याचं नाव पोटखराब.
एक हेक्टर चार आर. आकारणी नाही.
जुन्या खासरा पत्रकात उर्दूत 'तालाब' लिहिलंय म्हणे;
कंधारच्या कचेरीत ते वाचणारे मुनव्वर काझी
मागच्याच साली रिटायर झाले.

अर्जात रकाना होता: कामाचा उद्देश.
मी लिहिलं, पाणी.
बाबू म्हणाला, मॅडम, सविस्तर.

अकरा महिन्यांनी परवानगी आली. एकोणीस अटी.
गाळ तीन फुटांपर्यंतच. सांडवा उंचवू नये.
पश्चिमेचं पाणकणीस तसंच ठेवावं.
मधे कुठेतरी, घरटी आढळल्यास काम बंद.

मुंजाजी उजाडायच्या आत जेसीबी घेऊन आला.
बकेट उचललं, आणि तसंच वर धरून ठेवलं.
उरल्यासुरल्या पाण्यात, कुजक्या गवताच्या ढिगावर
टिबुकली बसलेली.
मशीनकडे बघत होती, हलत नव्हती.

तासाला बाराशे भाडं.
त्यानं इंजिन बंद केलं.
"ह्ये त्या कागदातलं हाय का, ताई?"
हो म्हटलं. तेरावी अट.
खरं तर आकडा मला आठवत नव्हता.

अंडी किती, बघायला कोणी गेलं नाही.
तो रिव्हर्समध्ये निघाला, हॉर्न न वाजवता.
चाकांच्या दोन चऱ्या राहिल्या काठावर.
दुपारी पाहिलं तर
एकीत बोटभर पाणी पाझरलेलं.