तोंडी गॅरंटी

बोरा बझारच्या गल्लीत मुर्तझाभाईने
बॅटरी माझ्या तळहातावर ठेवली, पेढा ठेवावा तशी.
कंपनीची पाच हजार चारशे, ही साडेआठशे.
"सेम आहे साहेब. फक्त नाव नाही."
नाव नसलेल्या वस्तूंशी माझं पूर्वीपासून जमतं.
माझ्या स्टुडिओलाही पाटी नाही.
डिलाइल रोडला जिन्याखालची जागा,
एक निळा पडदा, एक स्टूल,
सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून एक कंगवा.

"आणि बिघडली तर?"
"तीन महिने गॅरंटी."
"कागद?"
त्याने स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

दिवाळीनंतर शाळेचं काम आलं,
सहाशे चाळीस ओळखपत्रं.
दोनशे तेरावी मनवा कारखानीस,
क्लिक झालं आणि डोळे मिटलेले.
"परत एक," म्हणालो,
आणि कॅमेरा गेला.
झाकण उघडलं तर बॅटरी आत फुगून बसलेली,
जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखी.
ओढली, हलवली, कॅमेरा उलटा करून थापटला,
बाईंनी केसांतली पिन काढून दिली.
नाही म्हणजे नाही.

विकतानाच मुर्तझाभाईने युक्ती सांगितली होती :
सर्व्हिसला द्यायची वेळ आलीच
तर आपली काढा, कंपनीची घाला,
साधा चेहरा करून जा.
चेहऱ्याचं मला सांगायला नको,
लोकांचे चेहरे सरळ करण्यात माझी वीस वर्षं गेली.
पण खोटं बोलायला
आधी पुरावा बाहेर यावा लागतो.
इथे तो घर करून बसलेला.

अंधेरी. सर्व्हिस सेंटर. टोकन एकोणीस.
काचेपलीकडे डिमेलो,
चष्म्याची एक काडी काळी, दुसरी तपकिरी.
कॅमेऱ्याकडे त्याने डॉक्टरासारखं नाही,
तलाठ्यासारखं पाहिलं.
फॉर्मवर रकाना :
बाहेरचे सुटे भाग वापरले होते काय?
होय. नाही.
पेन टेबलाला सुतळीने बांधलेलं.
मी 'नाही'वर टोक टेकवलं.
"मला दिसतंय ते," डिमेलो म्हणाला.
टोक उचलून मी डावीकडे नेलं,
सुतळी जेमतेम पुरली.

"वॉरंटी गेली."
हे तो अगदी हळू बोलला,
शेजारच्या खुर्चीतल्या बाईला ऐकू जाऊ नये इतकं.
सात महिने उरले होते तिचे.
कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं,
रेशनकार्डाच्या पोटात.

मी त्याच्या काड्यांकडे बघत राहिलो.
त्याला कळलं. चष्मा काढून पुसला.
"तपकिरी बाहेरची," म्हणाला,
"काळीपेक्षा जास्त टिकली."
शिक्का मात्र मारला.
अकरा हजार, अधिक कर.
मेमरी कार्ड तेवढं लगेच काढून दिलं :
दोनशे बारा पोरं सुखरूप,
आणि मनवा, डोळे मिटून.

चिमट्याने उपसलेली ती बॅटरी घेऊन
मी बोरा बझारला गेलो. भांडायचं ठरवून.
मुर्तझाभाईने ती कानाशी हलवून बघितली.
"किती दिवस झाले?"
"तीन महिने नऊ दिवस."
तो कॅलेंडरकडे वळला, मग माझ्याकडे.
"मधे दिवाळी होती," म्हणाला,
"ते दिवस धरायचे नाहीत."
आणि नवी काढून समोर ठेवली.
"ही वेगळ्या लॉटची."
"आणि कॅमेऱ्याचे अकरा हजार?"
"त्याचं मी कुठे बोललो होतो?"

खरं होतं. तो बोलला नव्हता.

घेतली मी. काय करणार.
मनवाचा फोटो पुन्हा काढला,
या वेळी तिने डोळे इतके मोठे केले
की बाई म्हणाल्या, घाबरलीय का ही?
रोज रात्री बॅटरी काढून फळीवर ठेवतो,
तिच्या पोटावरून अंगठा फिरवतो,
पोराचं कपाळ बघावं तसा.
काल किंचित उंच लागली.
अंगठाच सुजला असेल.