साडेएकेचाळीस मणी

आधी धुराच्या भोंग्याला शॉवरची टोपी घालते,
मग ओट्यावर वीट, विटेवर चांदी.
हॅलिफॅक्सला डिसेंबरात चारलाच काळोख. बरंच आहे,
तापल्या तारेचा मळकट गुलाबी
उजेडात ओळखू येत नाही.

शेजारच्या मेव्हिसचं बोट कागदाच्या पट्टीनं मापलं.
मोतीतारेवर पट्टी धरली:
साडेएकेचाळीस मणी.

तिची आधीची अंगठी इस्पितळात कापून काढली,
सांधे सुजले तेव्हा.
"लग्नाची नको आता," म्हणाली, "नुसती अंगठी कर."

अर्धा मणी ठेवता येत नाही.
ठेवला तर सांध्यावर चपटा डोळा राहतो,
डाख त्यात साचतो,
आणि नजर जन्मभर तिथंच जाते.

टाकणखार फसफसून शांत झाला.
ज्योत जवळ नेली, डाख क्षणभर पाणी होऊन
फटीत धावला.
लाटण्यावर चढवून लाकडी हातोडीनं ठोकताना
(लोखंडी नको, मणी चेपतात)
पुन्हा मोजले. बेचाळीसच.

सैल झाली.
मेव्हिस म्हणते, संध्याकाळी बोट फुगतं,
तेव्हा अगदी नीट बसते.
सकाळी निसटते,
म्हणून रात्रीच काढून ठेवते
अंड्याच्या कपात.
दोन आहेत तिच्याकडे.
एक रिकामाच असतो.