पांग

बिलिंगहॅम. पहाटेचे चार.
फिरती चाळणी पुन्हा अडलीय:
कुणाच्या तरी बागेतला पाण्याचा पाईप, वीस फूट,
आतड्यासारखा गुंडाळून बसलेला.
मॉरिस टिंडल सुरी घेऊन आत उतरतो.
मी बाहेर. यंत्राच्या कुलपाची किल्ली
मुठीत.

आमच्यात म्हणतात, मी त्याला ओरडून सांगते,
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात.
"बारा?" आतून आवाज घुमतो. "इथे पाच दिवस."

खरंय.
सोमवारी पट्ट्यावरून येतं गव्हाचं काड,
तेलकट पुठ्ठे, कुंपणाची छाटणी, अख्ख्या गावाचं नकोसं.
वाफ ते फोडते.
मग एन्झाइम, धीराचे, एकेक दुवा सोडवत
साखर मोकळी करतात,
यीस्ट खातं, फुगतं, ढेकर देतं,
आणि शुक्रवारी टँकर फाटकाशी उभा.
कोंड्याचा मांडा करणाऱ्या बायका मी पाहिल्यात.
इथला मांडा ट्रक पितात.

सगळ्याचं होत नाही. बॅटऱ्या, डायपर,
एकदा तर दातांची कवळी, हसरी.
आणि लिग्निन: काळं, चिवट,
झाडाने उभं राहण्यासाठी धरलेला हट्ट.
त्याला आम्ही बॉयलरमध्ये घालतो.

गेल्या महिन्यात मॉरिसने घर विकलं.
नव्या लोकांना गाडी लावायला जागा हवी होती.
नोरीनचे गुलाब त्याने स्वतःच कापले,
हिरव्या डब्यांत दाबून दाबून भरले.
चहा ढवळता ढवळता सांगितलं मला,
चमचा थांबला नाही.

आता तो वर आलाय, मांड्यांपर्यंत चिखल.
मी टाकी तीनचा नमुना काढते,
बूच उघडते. कडू बदामाचा वास.
फरफ्युराल, मी म्हणते. वाफ जास्त झाली
की लाकडातली साखर करपते. यीस्टला मारक.
तो नाक पुढे करतो, जे करायचं नसतं.
"तिचा रविवारचा टार्ट," म्हणतो.
पुन्हा हुंगतो.
"काठाला जरासा जळलेला."

गुलाब कुठल्या टाकीत गेले
हे कुणालाच सांगता येणार नाही.
मलाही नाही, आणि हे माझं काम आहे.

नोंदवहीत लिहिलं: टाकी तीन, फरफ्युराल वाढलेलं.
वाफ लगेच कमी करायला हवी होती.
केली नाही.
वीसेक मिनिटं.

मग केली.
यीस्टलाही जगायचं असतं.