वजनाची वही

कंपनीचं नाव निवटी एअर.
सल्लागार म्हणाला होता, गरुड ठेवा,
निदान ससाणा तरी.
हसुरामशेठ मढवी म्हणाले, खाडीच्या चिखलातून
उडी मारते ती निवटी.
पडते परत चिखलातच. पण मारते.

ऑफिस घणसोलीला, झेरॉक्सच्या दुकानावर.
विमान जुहूला. नऊ आसनी, भाड्याचं,
शेपटीवर आधीच्या कंपनीचं नाव
नव्या रंगाखालून वाचता यायचं.
पैसा सगळा साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा.
शेठच्या आईला वाटायचं, पोरानं टेम्पो घेतलाय.
तिला कुणी खरं सांगितलं नाही.

माझं काम वजनाचं.
फोनवर विचारायचं, किती किलो, साहेब?
बायका पाच कमी सांगतात, पुरुष आठ,
बिल्डर सोळा.
कॅप्टन सोराब म्हणायचे, पोरी,
माणूस खोटं बोलेल, पंखाला ते जमत नाही,
तू प्रत्येकात दहा मिळव.
मी मिळवत गेले.

शिर्डी: माणसं सात, चांदीचा मुकुट चार किलो दोनशे.
नाशिक: द्राक्षांचे व्यापारी तिघे,
येताना पेट्या अकरा, त्यातली एक आम्हाला.
कोल्हापूर: लग्न. वरून गुलाबपाकळ्या टाकायच्या होत्या,
परवानगी आली नाही,
पोती ऑफिसातच राहिली
आणि झेरॉक्सवाला आठवडाभर शिंकत होता.

नांदेड: पेशंट एक्केचाळीस, स्ट्रेचर अठरा, मुलगा बासष्ट.
डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं.
त्या दिवशी मी दहा मिळवले नाहीत.

मग इंधनवाल्यानं उधारी थांबवली.
मग चहावाल्यानं.
चौदाव्या महिन्यात भाड्यानं देणारे विमान घेऊन गेले,
त्यांचाच पायलट, बाकी आसनं रिकामी.
तोही तक्ता मीच भरला,
शून्य, शून्य, शून्य,
प्रत्येक आसनासमोर एक, नियम म्हणून.

शेठ स्वतः एकदाही बसले नव्हते विमानात.
कधी गिऱ्हाईक असायचं,
गिऱ्हाईक नसेल तेव्हा इंधनाला पैसे नसायचे.
शेवटच्या संध्याकाळी ते आले,
चपला काढून, देवळात शिरावं तसे काट्यावर उभे राहिले.
म्हणाले, लिही.
चौऱ्याऐंशी, मी म्हटलं.
पाच कमी कर.
मी एकोणऐंशी लिहिलं.
कुठून, कुठे, हे रकाने
त्यांनी सांगितले नाहीत, मी विचारले नाहीत.

दोन पगार थकले होते, त्यांच्या बदल्यात मला काटा मिळाला.
कोपरखैरण्याला माझ्या कुरियरच्या टेबलाशेजारी असतो.
राख्या, औषधं, दिवाळीचा फराळ,
लोक इथेही कमीच सांगतात.

जुना झालाय आता.
वर काही नसलं तरी
दोनशे ग्रॅम दाखवतो.
दुरुस्तीवाला म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे.
म्हटलं, राहू दे.