कोरडी अक्षरं

घोले रोडच्या दालनात खुर्च्या चाळीस, माणसं सत्तावीस.
मोजायची सवय आहे मला.
दत्तवाडीत माझं फ्लेक्सचं दुकान,
सगळा हिशोब चौरस फुटांत.

अण्णांना मागच्या रांगेत बसवलं, पंख्याखाली.
त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.
पेपरात 'शिळाछाप' हा शब्द दिसला
आणि मंगळवार असूनही त्यांनी दाढी केली.

वासंती खाजगीवाले बोलल्या आधी, चष्मा कपाळावर ठेवून:
दगड बव्हेरियाचा, बोटीनं आलेला,
शाई काळी, देव मात्र आपले.
गरिबाच्या भिंतीवर देव
चालत नाही पोचला, छापून पोचला.
टाळ्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत,
ते पडद्यावरच्या फोटोत
यंत्राचा दांडा कुणाच्या हातात आहे ते बघत होते.
फोटो दांड्यापाशीच कापलेला.

नौशाद मोमीन लाकूड कोरतो.
म्हणाला, मी काढून टाकतो तो उजेड,
ठेवतो तो अंधार.
एवढंच म्हणाला आणि खाली बसला. मला आवडला तो.

मग इरावती ढमढेरे, निळी पडलेली नखं:
पंचवीस प्रती झाल्या की मी प्लेटवर
आडवी रेघ ओढते. सव्विसावी निघूच नये.
"रेघ?" अण्णा माझ्या कानात, जरा मोठ्यानंच,
"चांगल्या प्लेटवर?"
आमच्यात घासायचे गं. पुढच्या कामासाठी.

नंतर कुणीतरी विचारलं, यातलं मूळ चित्र कुठलं?
त्यावर वीस मिनिटं गेली.
मूळ दगडात, मूळ हातात, मूळ कल्पनेत,
एक गृहस्थ म्हणाले, मूळ असं काही नसतंच,
आणि चहा आला.

कप हातात तसाच धरून अण्णा उठले.
वाटलं, आता पगार काढतील, मालक काढतील,
बंद पडलेल्या छापखान्याचं कुलूप काढतील.
त्यांनी विचारलं, "बाई, वाळू कुठली वापरता?"

इरावती मंचावरून उतरली.
ती म्हणाली, पूड मिळते हल्ली, डब्यात, नंबर घातलेली.
अण्णा म्हणाले, आम्ही नदीची.
तीन चाळण्या, शेवटची मलमलीतून.
दगडावर दगड, मध्ये पाणी, आणि आठ काढायचा.
मराठी नाही, इंग्रजी आठ.
दोन्ही हातांनी हवेत काढून दाखवला त्यांनी,
चहा सांडला, तिनंही काढला,
सत्तावीस माणसांत दोघं जण
नसलेला दगड घासत उभे.

रविवारी ती घरी आली.
दगड आमच्या मोरीत आहे, नळाखाली.
छापखाना मोडला तेव्हा पगाराऐवजी मिळालेला.
त्यावर आईनं धुणं धुतलं, मी न्हाले,
वाचायला शिकले तीही त्यावरच, उजवीकडून डावीकडे,
शाळेत मार खाल्ला त्यापायी.

अण्णांनी तांब्याभर पाणी ओतलं.
सगळा दगड ओला, काळसर,
तेवढी एक ओळ कोरडी.
जुनं तेल पाण्याला अजून जवळ येऊ देत नाही.
इरावती उकिडवी बसली, ओठ हलवत लावत गेली:
स र्व  दु का नी  मि ळे ल.

काय मिळेल, ते घासलं गेलंय.

"न्या," अण्णा म्हणाले, "घासून देतो, चकचकीत."
ती म्हणाली, नको. राहू दे.
अण्णांना कळेना.
दगड कोरा नको? मग काढणार कशावर?
ती काही बोलली नाही, त्यांच्या बोटांकडे बघत राहिली.
घासून घासून दहाही गुळगुळीत,
आधारच्या यंत्राला न पटणारी.

माझा फोन वाजला.
भावी नगरसेवक, वीस बाय दहा,
संध्याकाळपर्यंत चौकात लागायला हवा,
परवा उतरेल.
हो म्हटलं. मागे वळले तोवर
दगड सुकला होता,
ओळ कुठली आणि दगड कुठला, काही कळेना.

अण्णा पुन्हा तांब्या भरत होते.