पंधरा सेंटिमीटर

आधी पाला बाजूला सारायचा. हाताने.
मग खुरप्याने तिरका खड्डा,
पंधरा सेंटिमीटर, पट्टी लावून,
आणि एका कडेची बोटभर जाड चकती
वरपासून खालपर्यंत सारखी.
मैनोबाई उसेंडी उकिडवी बसून बघते.
"एवढूशी माती नेऊन का करता जी?
का सांगते तुमाले माती?"

मी म्हणते, स्फुरद.
ती म्हणते, फुरद.
शब्द तोंडात चारासारखा घोळवते
आणि बी थुंकावी तसा टाकून देते.

कोसमटोल्याच्या ग्रामसभेला जंगल मिळालं
तेव्हा आराखड्यात एक रकानाही मिळाला :
जंगलाची तब्येत, मातीवरून.
म्हणून या बावीस कापडी पिशव्या,
आत चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली,
कारण शाई ओल लागली की पळते.

सावलीत वाळवली. लाकडी बत्त्याने फोडली,
चाळली, अर्धा तास हलवली, गाळली.
मग नळीत थेंब पडतात
आणि निळा चढत जातो.
स्फुरद भरपूर, तर निळा गडद.
कमी, तर धोतरं निळीत घालून झाल्यावर
बादलीत उरतं, तेवढाच.

मला वाटलं होतं, नऊ नंबर काळानिळा होईल.
ऐनाचं ते रान, जिथे दुपारी बाराला
मैनोबाईनेही माझा हात धरला होता.
नऊ निघाला सगळ्यांत फिका.
दोनदा केलं. काच पुसून तिसऱ्यांदा केलं.
चौदा मात्र बरा निळा,
चैतात मोहाखालचा पाला पेटवतात तिथला.
ते राखेचं उसनं. आषाढात नाला वसूल करतो.
आणि सतरा,
उघडा माळ, तरोटा, एक वाकडी बोर,
सतराची नळी
मोराच्या मानेसारखी.

कॉम्प्युटर विचारतो : पीक?
धान. तूर. जवस. लाखोळी.
जंगल नाही. मी 'इतर' दाबलं.
छापून आलं : नमुना नऊ, स्फुरद अत्यंत कमी,
सुपर फॉस्फेट, हेक्टरी सहा गोण्या.

हे मैनोबाईला वाचून दाखवलं
तर पदर तोंडात कोंबून हसली.
"गोण्या कोन नेते वर? अस्वल?"
मग सतरा नंबरवर गप्प झाली.
"थो जुना टोला होय. आजीच्या आजीचा.
देवी आली, मानसं मेली, उरली थे उठून आली."

म्हणजे चुली. गोठे. डुकरांची हाडं.
अंगणात पोरं मुतली असतील ती जागा.
छपरं गेली, नावं गेली,
आणि कुणीतरी अजून तिथे
पंधरा सेंटिमीटर खाली राहतं.
मी काल ती नळी
बेसिनमध्ये ओतून नळ सोडला होता.

"अन नऊ?" मी विचारलं.
पुस्तकात आहे ते मला माहीत होतं :
पान पिवळं पडण्याआधी झाड त्यातलं काढून घेतं,
बुरशी पाल्यातून उचलते, मुळं बुरशीकडून,
जमिनीवर ठेवायला कुणालाच फुरसत नाही.
मैनोबाई पत्रावळीला काडी टोचत होती.
"ज्याच्या घरी खानारे लय," ती म्हणाली,
"त्याच्या कोठीत दाना रायते का?"

रकान्यात मी आकडा लिहिला.
तब्येतीपुढे पेन्सिल बराच वेळ थांबली,
अजून कोरं आहे.

"उरलेली माती वापस आनजा," तिने बजावलं होतं.
आणली. बावीस पिशव्या,
प्रत्येकीत मूठभर कमी.
एकेक खड्डा शोधत फिरलो,
सतराचा तसाच उघडा, कडा अजून धारदार.

नऊचा सापडला नाही.
आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो बहुतेक,
घोट्यापर्यंत पाल्यात.